साक्षांकन फॉर्म आलाय, आणि अनुभवाचा दाखला खरा नाही. काय करावं?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे आंब्याच्या मोहोरावर नाहीतर एसटीच्या वेळापत्रकावर भांडत असतो. आज विषय घरचा आहे आणि जरा नाजूक आहे.

माझा भाचा, वय 24, गुहागर तालुका. आयटीआय फिटर, 2021 चा पास. उरणकडच्या एका संरक्षण खात्याच्या आस्थापनेत कारागीर पदासाठी लेखी दिली, ट्रेड टेस्ट दिली, यादीत नाव आलं. पेढे वाटून झाले, ग्रामदेवतेला नारळ देऊन झाला. आता टपालाने साक्षांकन फॉर्म आलाय. 15 दिवसांत भरून पाठवायचा, मग चारित्र्य पडताळणी, मग नेमणूक.

गोची अशी, की अर्जाला त्याने चिपळूणच्या एका वर्कशॉपचा दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला जोडलाय. प्रत्यक्षात तिथे तो सातच महिने होता. फेब्रुवारी 2022 मध्ये मेव्हणे आजारी पडले आणि पोरगा चुलत्याच्या ट्रॉलरवर जायला लागला. पुढचा काळ दर्यावरच गेला. दाखला मालकाने 8,000 रुपये घेऊन दिला. मला हे परवा कळलं.

फॉर्ममध्ये आधीच्या नोकऱ्या तारखांसकट विचारल्यात. दाखल्यात आहे तेच लिहायचं, की खरं लिहायचं? ताई रडतेय. मेव्हणे म्हणतात, गळाला मासा लागलाय, आता दोरी हलवू नका.

देवगडची_सून

दाखल्यावर नक्की काय लिहिलंय? नावं गाळून टाका इथे.

खाडीपलीकडे

दोन रंगांतलं लेटरहेड, वर गणपती. मजकूर: "सदर इसम दि. 1/8/2021 पासून आजतागायत आमचेकडे फिटर या पदावर कार्यरत असून त्याची वर्तणूक चांगली आहे." जांभळा शिक्का, अर्धा सहीवर चढलेला. तारीख 2/10/2023.

डेकवरून

2 ऑक्टोबर! गांधी जयंतीला वर्कशॉप उघडून सत्याचे प्रयोग केले वाटतं मालकाने.

खाडीपलीकडे

हसू नका हो. पण खरंय, आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

वेंगुर्ल्याचो_बापू

अरे ह्या सगळेच करतत. माझ्या चुलतभावान असोच दाखलो लावल्यान, पंधरा वर्सां झाली, आज सुपरवायझर आसा. पोलीस पाटलाक भेटा, ठाण्यातल्या हवालदाराक चाय पाजा, मालकाक सांगून ठेवा, कोणी इचारल्यान तर होय म्हण. उगाच गावभर बोभाटो कित्याक?

पेन्शनर_अलिबाग

बापू, तुमच्या भावाची जागा कसली होती? साध्या कंपनीतली असेल तर गोष्ट वेगळी. दारूगोळा, गोदी, अणुभट्टी, विमानतळाचा आतला पास, असल्या ठिकाणी पडताळणी म्हणजे चहा पाजून उरकायचं काम नसतं. मी अशाच एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत 31 वर्षं काढली. कपाटंच्या कपाटं या फॉर्मनी भरलेली होती, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फॉर्मच्या डोक्यावरच इशारा छापलेला असतो: खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता समजली जाईल, आणि नोकरीत असताना कधीही उघडकीला आलं तर सेवा संपुष्टात येऊ शकते. उमेदवार तो वाचत नाहीत, थेट नावाच्या रकान्यावर जातात. पुढे गेल्या पाच वर्षांत एका वर्षाहून जास्त कुठे राहिलात, वयाच्या पंधराव्या वर्षापासून कुठे शिकलात, कुठे नोकरी केलीत, अटक झाली का, खटला चालला का, कुठल्या परीक्षेला बसायला बंदी झाली होती का, असं सगळं.

आता यातली मेख. हे रकाने एकमेकांची उलटतपासणी करतात. राहण्याच्या रकान्यात गुहागर आणि नोकरीच्या रकान्यात त्याच काळात चिपळूण, म्हटलं तर रोज ये-जा करता येते. पण बीट अंमलदार वाडीत येऊन विचारतो, "हा पोरगा काय करायचा हो?" आणि शेजारची म्हातारी अभिमानाने सांगते, "बोटीवर जायचा, घर त्यानेच चालवलं." तिला कुठे माहीत दाखल्यात काय आहे.

आयटीआयचं प्रमाणपत्र तर सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतं. अनुभवाच्या दाखल्याला वेळ लागतो, एवढाच फरक.

एक प्रश्न: जाहिरातीत अनुभव अनिवार्य होता की इष्ट? जाहिरात काढून शब्दशः लिहा.

मिरकरवाडा

म्हातारीपर्यंत जायचीही गरज नाही. ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेलाय ना? 26/11 नंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली. बोट सुटताना टोकन, बोटीवर कोण कोण याची नोंद, बंदरावर सुरक्षारक्षकाची वही. कोस्ट गार्ड समुद्रात बोट थांबवतं तेव्हा कार्ड बघतं. म्हणजे दाखला म्हणतो पोरगा चिपळुणात कानस घासत होता, आणि बंदरावरची वही म्हणते तो हर्णैच्या बाहेर जाळं टाकत होता. एक जून ते 31 जुलै बंदीचे दोन महिने सोडले तर बाकी सगळ्या काळाला सरकारी कागदच साक्षीदार. आणि ज्यांच्याकडे हे कागद, तेही सुरक्षेवालेच.

खाडीपलीकडे

हे डोक्यातच आलं नव्हतं. टोकनच्या वहीत नाव आहे. नुसतं आहे असं नाही, दोनदा तांडेल (बोटीचा प्रमुख) आजारी असताना यानेच सही केलीय.

अजून एक सांगायचं राहिलं. काल वर्कशॉपच्या मालकाचा फोन आला होता. म्हणाला, "चौकशीला साहेब आले तर मी सांभाळून घेईन, पण त्याचे वेगळे होतील." किती ते नाही बोलला. पोरगा त्यानंतर जेवला नाही.

पेन्शनर_अलिबाग

बघा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या मालकानेच दिलं.

लोकांना वाटतं, सुरक्षेची पडताळणी म्हणजे हा चोर आहे का, अतिरेक्यांचा नातेवाईक आहे का, एवढंच. ते तर आहेच. पण ज्याच्याकडे दारूगोळ्याच्या कोठाराच्या फाटकाचा पास असणार, त्याची शेंडी कुणाच्या हातात आहे का, हेही पाहायचं असतं. आज मालक पैसे मागतोय. पोरगा आत लागला, पाच-सात वर्षं झाली, लग्न झालं, घराचं कर्ज झालं, की तोच मालक किंवा त्याच्याकडून कळलेला तिसराच कोणी म्हणेल, पैसे नकोत, फक्त आत कुठल्या गाड्या कधी येतात तेवढं सांग. नाही म्हणालास तर दाखल्याचं पत्र साहेबाच्या टेबलावर. तेव्हा पोरगा काय करेल?

आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. 1993 साली शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं ते कुणी पाणबुडीतून गुपचूप आणलं नव्हतं. पैसे घेऊन डोळेझाक करणारे कस्टममधले आणि पोलिसातले लोक होते, त्यांना कोर्टाने शिक्षा दिल्या. मी तेव्हा नोकरीत होतो. त्यानंतरची दोन वर्षं आमच्या शाखेत प्रत्येक जुनी फाइल उघडून पुन्हा वाचली जात होती. माझीसुद्धा. माझ्या शाळेच्या दाखल्यात जन्मगाव चुकलेलं निघालं, चौल ऐवजी रेवदंडा, त्यावर मी तीन खुलासे लिहिले. असो.

डेकवरून

आमच्या जहाजाच्या लाइनीत हा रोग जुना आहे. रत्नागिरी, दापोली, मंडणगड, कुठल्याही वाडीत विचारा, कुणीतरी एजंटला चार-पाच लाख देऊन परदेशी झेंड्याचा सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) घेतलेला सापडेल. बेसिक सेफ्टीचे कोर्स न करताच प्रमाणपत्रं. आग लागल्यावर ब्रीदिंग सेट कसा घालायचा ते माहीत नाही, पण कागदावर पास. बंदरात तपासणीला येणारा अधिकारी कागद बघत बसत नाही, म्हणतो ड्रिल करून दाखव. तिथेच पितळ उघडं पडतं, आणि एकाच्या पायी जहाज अडकतं.

आणखी एक. अमेरिकेच्या बंदरात उतरायला खलाशांना सी-1/डी व्हिसा लागतो. तिथे खोटा कागद दाखवून व्हिसा मागितला हे सिद्ध झालं तर बंदी आजन्म, माफीची सवलत मिळाली तरच सुटका. पंचविशीत केलेली चूक पन्नाशीतही आडवी येते. माझ्या बरोबरीचा एक चांगला बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) असाच फक्त आखाती फेऱ्यांवर राहिला. कामात एक नंबर माणूस.

पोटोमॅककाठ

मूळ गाव दापोली, आता मेरीलँड. इथल्या पद्धतीबद्दल सांगतो, कारण मी त्यातून स्वतः गेलोय. आणि गेलो तो दामटून नाही, घाबरत घाबरत.

इथे सुरक्षा मंजुरीसाठी एसएफ-86 नावाचा फॉर्म असतो, आणि मंजुरी नागरिकांनाच मिळते. शिक्षण, नोकऱ्या, पत्ते, परदेशातले नातेवाईक, कर्ज, सगळं. माझ्या जुन्या बायोडेटावर मुंबई विद्यापीठाची एमएस्सी पूर्ण असं होतं. खरं तर एक पेपर राहिला होता, तो मी कधी दिलाच नाही. दहा वर्षं ते वाक्य एका बायोडेटावरून दुसऱ्यावर उतरत गेलं आणि मलाही खरं वाटायला लागलं होतं. फॉर्म भरताना "पदवी मिळाली का" या रकान्यावर माझा हात थांबला. हो लिहिलं तर फॉर्म बायोडेटाशी जुळतो. नाही लिहिलं तर कंपनीला कळतं, मी आजवर काय सांगत आलो.

इथे 2017 पासून सगळ्या खात्यांना एकच निकषावली आहे, 13 कलमांची. त्यात ई हे कलम वैयक्तिक वर्तनाचं. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं वा गाळणं त्यात थेट येतं. मालकाला किंवा घरच्यांना अंधारात ठेवलेली गोष्टही येते, कारण तिच्यावरून माणसाला दाबता येतं. अलिबागचे काका जे शेंडीचं म्हणाले, तेच इथे छापील आहे. पण त्याच कलमात बाहेर पडायची वाटही आहे: तपासणाऱ्याने पुरावा समोर ठेवण्याआधी, आपण होऊन, लगेच आणि मनापासून दुरुस्ती केली असेल तर ती जमेला धरतात. समोर कागद आल्यावर "हो हो, तेच सांगणार होतो" म्हटलं तर ती दुरुस्ती नव्हे, ती पकडली गेलेली चोरी.

मी "नाही" लिहिलं आणि वरिष्ठांना आधीच सांगितलं. मुलाखतीत त्याच मुद्द्यावर पाऊण तास गेला. पदवी कमी आहे याचं त्या माणसाला काही पडलेलं नव्हतं. तो फिरून फिरून एकच विचारत होता: कुणाकुणाला खोटं सांगितलंत, आणि आज ते कुणाला माहीत नाही? मंजुरी मिळाली, पण उशिराने, आणि त्या वर्षीची बढती गेली. केंद्रीय फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिण्याला इथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे, ते वेगळंच.

आणि हे फक्त आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचं नाही बरं. 2004 मध्ये इथल्या सरकारी हिशेब तपासणी कार्यालयाने पैसे घेऊन पदव्या विकणाऱ्या तीन दुकानांच्या नोंदी पाहिल्या, तर 463 विद्यार्थी केंद्र सरकारचे नोकर निघाले. वरिष्ठ हुद्द्यावरचे 28 जण तसल्या नाहीतर मान्यता नसलेल्या पदव्या बाळगून होते.

वेंगुर्ल्याचो_बापू

अमेरिकेचा सोडा. हय मोठ्या लोकांच्या डिग्र्यांचा काय झाला ता बघतंय ना टीव्हीर? गरिबाच्या पोरान सात म्हयन्याचे दोन वर्सां केल्यान तर सगळे फाशी देवक निघालंत.

देवगडची_सून

बापूकाका, फाशी कुणी देत नाहीये. पोराला त्या मालकाच्या तावडीतून सोडवायचं चाललंय. पण तुमचा राग खोटा नाही हेही खरं.

वकील लोक कुठे गेले?

काळा_कोट_रत्नागिरी

इथेच आहे, तारीख होती.

हे फुकट मत आहे, वकीलपत्र नव्हे. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. माहिती दडवणं वेगळं, आणि कागद खोटा असणं वेगळं.

दडवण्यावर मुख्य निकाल अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, 2016, तीन न्यायमूर्तींचं पीठ. तो मुख्यतः गुन्हे दडवण्याबद्दल आहे, पण तत्त्व उपयोगी आहे. माहिती खरी हवी. क्षुल्लक बाब असेल, कोवळ्या वयात घोषणा दिल्याचा गुन्हा असेल, तर मालक म्हणजे सरकार दुर्लक्ष करू शकतं. एकाहून जास्त प्रलंबित खटले जाणूनबुजून लपवले तर ते गंभीर. प्रश्न मोघम असेल किंवा विचारलाच नसेल, तर न सांगण्याचा ठपका ठेवता येत नाही. आणि निर्णय घेताना पद कसलं आहे ते पाहायचं. उरणच्या त्या फाटकाआड पद कसलं आहे हे सांगायला नको.

खोट्या कागदावर मात्र कोर्टाचा हात फार जड आहे. विश्वनाथ पिल्लई विरुद्ध केरळ या प्रकरणात जातीच्या खोट्या दाखल्यावर 1977 साली पोलिसात लागलेल्या अधिकाऱ्याची नेमणूक मुळातच नेमणूक नव्हती असं ठरलं. दोन दशकांहून जास्त सेवा झाली होती, दया नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या प्रकरणांवर 2017 मध्ये जगदीश बहिरा निकालात तीच रेघ पुन्हा ओढली. ते जातीचे दाखले होते, हा अनुभवाचा, तरी हवा कुठल्या दिशेची आहे ते कळतं.

फौजदारी बाजू: सही खरी आणि मजकूर खोटा, यात बनावट दस्तऐवज होतो की नाही यावर आम्ही वकील आठवडाभर भांडू. फसवणूक मात्र लागू शकते. कृत्य 2023 चं म्हणजे जुनं भादंवि 420. 1 जुलै 2024 नंतर काही नवीन सही केलीत तर न्याय संहितेचं 318. म्हणून आता फॉर्मवर पुन्हा तेच खोटं लिहिणं हे नवं, वेगळं, ताजं कृत्य असेल. आज घडीला एक चूक आहे, तिच्या दोन करू नका. मालकाचा फोन पुन्हा आला तर पैसे देऊ नका, वाद घालू नका, तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा.

जाहिरातीचं काय झालं? अलिबागकरांचा प्रश्न मलाही विचारायचाय.

खाडीपलीकडे

जाहिरात मिळाली. भाच्याच्या मोबाइलमध्येच होती. शब्दशः: अत्यावश्यक पात्रता, दहावी आणि संबंधित ट्रेडचं आयटीआय. इष्ट, दोन वर्षांचा अनुभव.

मी त्याला विचारलं, मग हा कागद लावलास कशाला? म्हणाला, फॉर्म भरायला बाजारपेठेतल्या सायबरवाल्याकडे गेलो होतो, तो म्हणाला, "हा रकाना रिकामा दिसला की अर्ज मागे पडतो, काहीतरी चिकटव." गुण लेखी परीक्षेचे. ट्रेड टेस्ट स्वतःच्या हाताने पास झालाय. घासून दिलेला जॉब तिथल्या साहेबाने बाजूला ठेवून दुसऱ्यांना दाखवला म्हणे.

डोकं बधिर झालंय. न लागणाऱ्या कागदापायी एवढं.

पेन्शनर_अलिबाग

मला तीच शंका होती. दहात सात प्रकरणं अशीच असायची (मोजली नाहीत कधी, आठवणीने सांगतोय). पात्रता असते, वर एक खोटी कलगी खोचलेली असते, आणि ती कलगीच नडते.

याचा अर्थ सुटलात असा नाही. इष्ट होता म्हणून नेमणुकीचा पाया शाबूत आहे असं म्हणता येईल, पण खोटा कागद दिला हे उरतंच. नेमणूक रद्द होऊ शकते, मी गोड बोलणार नाही. तरी फाइलवर टिपणी लिहिणारा मीच असतो असं धरा. "पडताळणीत असत्य आढळले" आणि "उमेदवाराने पडताळणीपूर्वी स्वतः कळविले" ही दोन वाक्यं साहेबांपुढे गेली की साहेबांचं पेन वेगवेगळं चालतं. पहिल्या वाक्याला पर्याय नसतो. दुसऱ्याला निदान चर्चा असते.

फॉर्ममध्ये खऱ्या तारखा लिहा. बोटीवरचं काम लाजून गाळू नका, तेही कामच आहे. सोबत वेगळं पत्र. आधी मराठीत लिहून काढा म्हणजे मनात स्पष्ट होईल, मग हिंदीत किंवा इंग्रजीत करा. मजकूर साधारण असा:

"मी अर्जासोबत जोडलेल्या अनुभव प्रमाणपत्रातील कालावधी वस्तुस्थितीस धरून नाही. मी सदर ठिकाणी 1/8/2021 ते फेब्रुवारी 2022 अखेर काम केले. त्यानंतर मी कुटुंबाच्या मासेमारी नौकेवर काम करीत होतो. सदर प्रमाणपत्र मी मागे घेत आहे व झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे. अनुभवाचा विचार न करता माझ्या पात्रतेवर निर्णय व्हावा ही विनंती."

सायबरवाल्याचं नाव नको, मालकाला शिव्या नकोत, वडिलांच्या आजाराचं रडगाणं नको. कुणी विचारलं तर सांगा. पत्र एका पानाच्या वर गेलं की वाचणाऱ्याला वाटतं, अजून काहीतरी लपवतोय.

मिरकरवाडा

आणि मच्छीमार सोसायटीकडून बोटीवरच्या कामाचं पत्र घ्या. खरं पत्र मिळतंय तर घ्या की. फुकट आहे.

खाडीपलीकडे

एक शंका. दोन वर्षांपूर्वी शिमग्यात पालखीवरून बाचाबाची झाली होती, ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदली गेली. त्यात याचं नाव आहे. तेही लिहायचं?

काळा_कोट_रत्नागिरी

प्रश्न शब्द न् शब्द वाचा. अटक झाली का, खटला चालला का, एवढंच विचारलं असेल आणि दोन्ही झालं नसेल, तर उत्तर "नाही" हे खरंच उत्तर आहे. पोलिसात कुठलीही तक्रार आहे का असं विचारलं असेल तर "हो" आणि एका ओळीत काय ते. आधी ठाण्यात जाऊन त्या एनसीचं पुढे काय झालं ते बघून या. कोकणात शिमग्याची एनसी नसलेलं घर दाखवा, पण फॉर्मवर विनोद करू नका.

खाडीपलीकडे (आठ दिवसांनी)

उशीर झाला, माफ करा. ठाण्यात जाऊन आलो, पुढे काही झालेलं नाही, आणि फॉर्ममध्ये अटक आणि खटला एवढंच विचारलंय.

पत्र पाठवायच्या आदल्या रात्री घरात महाभारत झालं. मेव्हणे बोलेनात. शेवटी ताईच म्हणाली, "त्या मालकाचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, असं तीस वर्षं काढायची का?" पोराने पत्र स्वतःच्या अक्षरात लिहिलं. चार वेळा फाडलं. "दिलगीर" ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्धा तास गेला.

टपालाने न पाठवता आम्ही दोघं उरणला जाऊन समक्ष दिलं. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म घेतला, पत्र वाचलं, आत गेल्या. वीस मिनिटं आम्ही बाकड्यावर. बाहेर आल्या आणि आमच्या प्रतीवर आवक शिक्का मारला, तारीख घातली, म्हणाल्या, "कळवू." चेहऱ्यावरून काही कळलं नाही. येताना पोराने पनवेल स्टँडवर दोन वडापाव खाल्ले, मालकाच्या फोननंतर पहिल्यांदाच नीट.

मालकाचा फोन परवा आला होता. पोराने सांगितलं, मी कळवलंय ऑफिसला. तिकडून फोन ठेवला.

आता वाट बघायची. बंदी उठली की एक ऑगस्टला तो बोटीवर जाणार, उत्तर येईपर्यंत.

वेंगुर्ल्याचो_बापू

पोराक सांग, बापू म्हणता बरा केलंस. आणि नोकरी नाय झाली तर आमच्या हय इंजिनाच्या कामाक फिटर गावणा नाय. खरो दाखलो देतलंय.

पेन्शनर_अलिबाग

शिक्का मारलेली प्रत जपा. दोन झेरॉक्स काढा, एक ताईंकडे, एक तुमच्याकडे. आणि मूळ प्रत कृपा करून लॅमिनेट करू नका, पुढे त्यावर शेरा लिहायची वेळ आली तर पेन चालत नाही.